रोवणीच्या दिवसात हत्तीपाय



नोकरीवाल्या माणसाला आजारपणाची रजा मिळते. आपल्याला कोण देणार? पऱ्हे उपटण्याजोगे झाले, बांधीत पाणी साचले, चिखलणी झाली, आणि नेमका त्याच दिवशी घरधनी तापाने खाटेवर पडला, तर काय होते हे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या धानवाल्यांना सांगायला नको.

हत्तीरोगाचा पाय वर्षभर जड असतो. पण खरे दिवस बुडवतो तो मधून मधून येणारा झटका. थंडी वाजून ताप भरतो, जांघेत गाठ येते, पाय लाल होऊन ठणकतो. चार ते सात दिवस माणूस कामाचा राहत नाही. हे झटके पावसाळ्यात जास्त, म्हणजे ऐन रोवणीत.

आता हिशेब करून बघा. समजा एका हंगामात दोन झटके आले आणि प्रत्येकाने पाच दिवस घेतले. दहा दिवस गेले. घरची बाई उशाशी बसली, तिचेही तीन-चार दिवस गेले. जागेवर मजूर लावावा, तर रोवणीत तो मिळत नाही, मिळाला तर चढ्या भावाने. आणि पऱ्हे काही थांबत नाहीत. एकवीस-पंचवीस दिवसांचे रोप लावायचे ते पस्तीस दिवसांचे झाले की फुटवे कमी येतात. हा तोटा मजुरीच्या हिशेबात कुठेच दिसत नाही, तो मळणीच्या वेळी दिसतो. शिवाय झटका उतरल्यावर माणूस बांधावर जातो खरा, पण वाकून काम होत नाही. हजेरी पूर्ण, काम अर्धे.

हा झटका येतो कशाने? कित्येक जण म्हणतात, डासाने. डासाचे काम आधीच झालेले असते. घाण पाण्यातला क्युलेक्स डास चावून हत्तीरोगाचे जंतू अंगात सोडतो. त्यांचे किडे रसवाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतात आणि त्या निकामी करतात. सूज पुष्कळ वर्षांनी दिसते. अशा सुजलेल्या पायाला चिखल्या झाल्या, काटा मोडला, भेग पडली, की तिथून साधे रोगजंतू आत शिरतात. तोच हा झटका. दर झटक्याला सूज आणखी वाढते.

म्हणून बांधीतून आल्यावर पाय धुणे हेच मोठे औषध. स्वच्छ साधे पाणी आणि अंगाचा साबण घ्या. बोटांच्या बेचक्या हलक्या हाताने धुवा, ब्रश किंवा दगड लावू नका. मग मऊ फडक्याने बेचक्या टिपून कोरड्या करा. अर्धवट ओल्या राहिल्या तर धुतल्याचा उपयोग नाही. चिखल्यांना आरोग्य केंद्रातले मलम लावा. निजताना पायाखाली उशी किंवा घोंगडीची घडी ठेवा. चिखलात चप्पल टिकत नाही हे खरे, पण बांधावर आणि घरी ती पायात असू द्या.

झटका आलाच तर शेकू नका, डागू नका, जळवा लावू नका. गार पाण्याचे फडके ठेवा, पाय उंच ठेवा, भरपूर पाणी प्या आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. "रोवणी आटोपली की जाऊ" म्हणणारा माणूस उरलेली रोवणीही गमावतो, असे आम्ही पाहिले आहे.

अंडवृद्धीचे पुष्कळ रुग्ण लाजेने धोतराआड दुखणे लपवतात आणि पोते उचलायचे टाळतात. हे शस्त्रक्रियेने बरे होते, सरकारी रुग्णालयात ती होते.

गोळ्यांनी सुजलेला पाय पूर्ववत होत नाही. मग निरोगी माणसाने त्या का घ्याव्यात? कारण रक्तात जंतू असूनही माणूस धडधाकट दिसतो, आणि त्याच्यापासून डास ते दुसऱ्याला देतो. मोहिमेत कार्यकर्ते घरी आले, तर जेवण झाल्यावर गोळ्या त्यांच्यासमोरच गिळा. दोन वर्षांखालील मुले, गरोदर बाया आणि फार आजारी माणसे यांनी घेऊ नयेत. थोडी मळमळ, डोकेदुखी किंवा ताप आला तर घाबरू नका, जंतू मरताना तसे होते. फार त्रास वाटला तर केंद्रात दाखवा. संडासाच्या टाकीच्या वायुनळीला जाळी किंवा जुने कापड आजच बांधून टाका.