काळ्या दगडाची साक्ष

वालीवच्या पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर आहेत. पावसाळ्यात ते हिरवेगार दिसतात. गवत वाळले, की त्यांचा काळा कातळ उघडा पडतो. घराचा पाया असो वा रस्त्याची खडी, आपण हाच दगड वापरतो. त्याला बेसाल्ट म्हणतात.

हा दगड आला कोठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. त्यांतून वितळलेला, लालभडक रस बाहेर आला आणि दूरवर पसरला. हाच लाव्हा. तो थंड होऊन त्याचा थर बनला. पुढे त्यावर दुसरा थर, मग तिसरा, असे थरांवर थर साचले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या दगडाने व्यापला आहे. आपल्या राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) हेही याच दगडाचे आहे.

लाव्हा कोठे थंड झाला, हे दगडाच्या आकारावरून कळते. जमिनीवरचा जाड थर सावकाश निवताना आक्रसतो. वाळणाऱ्या चिखलाप्रमाणे त्याला तडे जातात आणि उभे खांब तयार होतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल ही अशाच खांबांची टेकडी आहे.

लाव्हा पाण्यात शिरला तर मात्र वेगळेच घडते. त्याची बाहेरची साल लगेच कडक होते. आतला रस ती फोडून बाहेर येतो आणि त्याचा नवा गोळा होतो. असे गोळे एकावर एक रचलेल्या उशांसारखे, म्हणजे तकियांसारखे दिसतात. म्हणून त्यांना उशी-लाव्हा म्हणतात. मुंबईत काही ठिकाणी तो आढळला आहे. वरळीला लाव्हाच्या थरांमधील खडकात लहान बेडकांचे अवशेषही सापडले. बेडूक खोल समुद्रात राहत नाहीत. यावरून त्या काळी तेथे उथळ पाणी होते, हे समजते.

आता लडाखकडे पाहू. तेथे सिंधू नदीच्या खोऱ्यात, निडर गावाजवळ, चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर उशी-लाव्हा आहे! त्याच्या खाली गॅब्रो नावाचा खडक आणि सर्वांत खाली पृथ्वीच्या पोटातील, म्हणजे प्रावरणातील खडक आहे. हा क्रम खोल समुद्राच्या तळाचा आहे. त्याला ओफिओलाइट म्हणतात. भारताचा भूभाग उत्तरेकडे सरकत आशियाला भिडला, तेव्हा मधला समुद्र नाहीसा झाला. त्याच्या तळाचा एक तुकडा मात्र डोंगरात अडकून राहिला. तेथे समुद्र होता, याची साक्ष आज तोच देतो.

दगड बोलत नाही; पण खोटी साक्षही देत नाही. मात्र साक्षीदार टिकला पाहिजे. गिल्बर्ट हिलच्या आसपासचा दगड खाणींत गेला आणि सुमारे साठ मीटर उंचीचा एकच सुळका उरला. २००७ मध्ये मुंबई महानगरपालिकेने त्याला वारसास्थळाचा दर्जा दिला. घरांना आणि रस्त्यांना दगड लागणारच. पण कोणता डोंगर फोडावा आणि कोणता राखावा, हे ठरवण्यासाठी आधी दगड वाचता आला पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, खडीच्या ढिगातील एखादा दगड हातात घेऊन पाहा. त्यावर पांढरे ठिपके दिसले, तर ते बहुधा लाव्हातील वायूचे जुने बुडबुडे असतील. पुढे पाण्यातून आलेल्या खनिजांनी ते भरून गेले. वाचनाची सुरुवात तेथूनच करा.