निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन : साठा आणि आवर्तन

छत्तीसगडमधील भिलाई येथील मरोदा जलाशयात तांदुला प्रकल्पाच्या कालव्याचे पाणी साठविले जाते आणि तेथून ते भिलाई पोलाद कारखान्यास पुरविले जाते. कालव्याचे पाणी धरणातील साठ्यानुसार येते. कारखान्यास मात्र ते दररोज लागते. ही तफावत जलाशय भरून काढतो. मरोदा याच नावाच्या सेक्टरमध्ये कारखान्याच्या कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. निवृत्तीच्या दिवशी तेथील कर्मचाऱ्यापुढे हाच प्रश्न उभा राहतो : रक्कम एकदाच हाती येते, खर्च मात्र दरमहा चालू राहतो.

कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. ज्या दुर्ग जिल्ह्यात तो उभा राहिला, तो १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्याचा भाग होता. विदर्भातून तेथे नोकरीस गेलेल्या अनेक कुटुंबांचा गावाशी व शेतीशी संबंध आजही टिकून आहे. त्यामुळे त्यांचा प्रश्न कृषी विभाग व कृषी विद्यापीठांतील कर्मचाऱ्यांच्या प्रश्नाहून फारसा वेगळा नाही.

निवृत्तिवेतन नेमके किती?

सार्वजनिक सेवा म्हणजे हमखास पुरेसे निवृत्तिवेतन, हा समज आता सर्वांना लागू होत नाही. सेवेत रुजू झाल्याची तारीख आणि आस्थापनेचा प्रकार यांवरून तीन मुख्य गट पडतात.

१) केंद्र शासनाच्या सेवेत १ जानेवारी २००४ पूर्वी आणि महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पूर्वी रुजू झालेल्यांना साधारणपणे जुनी योजना लागू आहे. तिच्यात महागाईनुसार वाढ मिळते.

२) त्यानंतर केंद्राच्या सेवेत आलेल्यांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली लागू झाली. नियत वयोमानानुसार निवृत्त होताना जमा निधीपैकी कमाल ६० टक्के रक्कम एकरकमी मिळते. किमान ४० टक्क्यांतून वार्षिकी, म्हणजे ठरावीक नियमित उत्पन्न, विकत घ्यावी लागते. १ एप्रिल २०२५ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांना एकीकृत निवृत्तिवेतन योजनेचा पर्याय देण्यात आला. त्यात किमान २५ वर्षे सेवा झालेल्यांना शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतनाची हमी आहे. राज्य शासकीय कर्मचाऱ्यांनी आपल्याला लागू असलेल्या योजनेची खात्री आस्थापना शाखेकडून लेखी करून घ्यावी.

३) पोलाद कारखान्यासारख्या सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचाऱ्यांना कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ लागू आहे. निवृत्तिवेतनयोग्य वेतनास सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागले की मासिक रक्कम मिळते. १ सप्टेंबर २०१४ पासून वेतनाची मर्यादा १५,००० रुपये आहे. म्हणजे ३५ वर्षे सेवा धरली तरी उत्तर ७,५०० रुपयेच येते. सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेसाठी मर्यादा ६,५०० रुपये धरली जात असल्याने प्रत्यक्ष रक्कम याहूनही कमी भरते. प्रत्यक्ष वेतनावर आधारित वाढीव निवृत्तिवेतन मंजूर झालेल्यांचा हिशेब वेगळा आहे. या योजनेत महागाईनुसार वाढ नाही.

तिसऱ्या गटातील व्यक्तीची खरी मिळकत भविष्यनिर्वाह निधी, उपदान आणि उपक्रमाची स्वतंत्र निवृत्तिवेतन योजना असल्यास तिचा निधी यांत असते. म्हणजे पाणी जलाशयात आहे. आवर्तन कसे सोडायचे, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे आहे.

खर्चाचा अंदाज

आवर्तनाचे वेळापत्रक आखण्यापूर्वी पिकाची पाण्याची गरज काढतात. निवृत्तीपूर्वी किमान वर्षभर घरखर्चाची नोंदवही ठेवल्यास तसाच अंदाज येतो. नोकरीत असताना न दिसणारे खर्च त्यात धरावेत. कारखान्याचे निवासस्थान सोडल्यावर घराचे भाडे किंवा बांधकामाचा खर्च येतो. वीज, पाणी व औषधोपचार यांचा भार स्वतःवर येतो.

महागाई ही जलाशयातील बाष्पीभवनासारखी आहे : साठा कोणी वापरला नाही, तरी तो कमी होतो. ७२ या संख्येस महागाईच्या दराने भागल्यास खर्च दुप्पट होण्यास किती वर्षे लागतील, हे ढोबळमानाने कळते. दर ६ टक्के धरल्यास ६० व्या वर्षी ३०,००० रुपये असलेला मासिक खर्च ७२ व्या वर्षी ६०,००० रुपये होईल.

एक उदाहरण

समजा, निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्यास सर्व मिळून ६० लाख रुपये मिळाले आणि मासिक निवृत्तिवेतन ५,००० रुपये आहे. खर्च ३०,००० रुपये आहे. या साठ्याचे तीन भाग करता येतील.

पहिला भाग नियमित उत्पन्नाचा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीस कमाल ३० लाख रुपये ठेवता येतात. एप्रिल २०२३ मध्ये तिचा व्याजदर ८.२ टक्के झाला. दराचा दर तिमाहीस आढावा होतो. पण खाते उघडताना लागू असलेला दर पाच वर्षांच्या मुदतीत बदलत नाही. या दराने ३० लाखांवर तिमाहीस ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० रुपये मिळतात. निवृत्तिवेतन धरून २५,५०० रुपये होतात. उरलेली ४,५०० रुपयांची तूट टपाल खात्याच्या मासिक प्राप्ती योजनेतून भागविता येते.

दुसरा भाग आकस्मिक खर्चाचा. हा मृतसाठा होय. किमान वर्षभराचा खर्च, म्हणजे येथे सुमारे ४ लाख रुपये, बचत खात्यात किंवा अल्प मुदतीच्या ठेवीत असावा. बँक ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे एका बँकेत ५ लाख रुपयांपर्यंतच विमा संरक्षण आहे. म्हणून ठेवी विभागून ठेवाव्यात.

तिसरा भाग दहा वर्षांनंतरच्या वाढीव खर्चासाठी राखावा. सुरुवातीपासून सर्व व्याज खर्च केल्यास महागाईशी सामना करण्यास काहीच उरत नाही. या भागाचे व्याज मुद्दलात मिळवत राहावे.

शेतीत गुंतवणूक करण्यापूर्वी

गावी परतल्यावर जमीन, विहीर, पाईपलाईन किंवा दुग्धव्यवसायात पैसा घालण्याची इच्छा स्वाभाविक आहे. पण त्याची किंमत आधी मोजावी. वरील योजनेत न ठेवता २० लाख रुपये शेतीत घातले, तर वर्षाला १,६४,००० रुपयांचे खात्रीचे व्याज सोडावे लागते. शेतीतून सर्व खर्च व स्वतःची मजुरी वजा जाता याहून अधिक उरत असेल, तरच ती गुंतवणूक उत्पन्नाच्या दृष्टीने फायद्याची ठरते. एका वर्षाचा अवकाळी पाऊस किंवा भावाची घसरण सोसण्याची तयारीही हवी. पहिली दोन वर्षे लहान क्षेत्रावर अनुभव घ्यावा. महिन्याच्या खर्चाचा भाग शेतीत गुंतवू नये.

दोन कायदेशीर बाबी तपासाव्यात. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीस शेतजमीन खरेदी करण्यावर कूळवहिवाट कायद्याचे निर्बंध आहेत. तसेच वडिलोपार्जित जमिनीच्या सातबारावर वारस म्हणून आपले नाव लागले आहे का, हे नोकरीत असतानाच पाहावे.

शेतकऱ्यांनी काय करावे?

शेतकऱ्यास नियोक्ता नसतो. त्यामुळे त्याचा साठा त्यालाच तयार करावा लागतो. प्रधानमंत्री किसान मानधन योजनेत २ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या १८ ते ४० वयाच्या शेतकऱ्यास वयानुसार दरमहा ५५ ते २०० रुपये भरून ६० वर्षांनंतर ३,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते. ही रक्कम पुरेशी नाही, पण पाया म्हणून उपयोगी आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी तरुण शेतकऱ्यांना वयाची चाळिशी ओलांडण्यापूर्वीच ही माहिती द्यावी.

लक्षात ठेवावयाच्या बाबी

• निवृत्तीच्या पाच वर्षे आधी सेवापुस्तक, जन्मतारीख आणि भविष्यनिर्वाह निधी खात्यातील नोंदी जुळवाव्यात.
• सर्व खात्यांवर नामनिर्देशन करावे; कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांत पती किंवा पत्नीचे नाव व जन्मतारीख अचूक असावी.
• आरोग्य विमा नोकरीत असतानाच घ्यावा. ७० वर्षांवरील नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत प्रतिकुटुंब वार्षिक ५ लाख रुपयांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून उपलब्ध आहे.
• मुलांचे लग्न किंवा घरबांधणीसाठी द्यावयाची रक्कम निवृत्तीपूर्वीच, पती-पत्नीने मिळून ठरवावी.
• रक्कम हाती आल्यावर पहिले तीन महिने कोणताही मोठा व्यवहार करू नये. ५५ ते ६० या वयात निवृत्त होणाऱ्यांनी मात्र ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते निवृत्तिलाभ मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत उघडावे.

धरणात पाणी किती आहे, यावरून हंगाम ठरत नाही. ते किती आवर्तनांना पुरणार आहे, यावरून ठरतो. निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या रकमेकडेही त्याच दृष्टीने पाहिल्यास उतारवयात कोणापुढे हात पसरण्याची वेळ येत नाही.