नीरेच्या छावणीतून वेल्सला गेलेली पत्रं

नीरा म्हटलं की आपल्याला माउलींच्या पादुकांचं स्नान आठवतं, फार तर पुणे-मिरज रेल्वेमार्गावरचं छोटं स्टेशन. इंग्रजी कवितेच्या अभ्यासकांना हे गाव वेगळ्याच कारणाने माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धात लिहिणाऱ्या ब्रिटिश सैनिक-कवींमध्ये ज्याचं नाव आधी घेतलं जातं, तो ॲलन लुईस १९४३ साली इथल्या छावणीत होता. इथून तो वेल्समधल्या बायकोला आणि आईवडिलांना पत्रं लिहीत होता. त्याचे कागद आज वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, ॲबरिस्टविथच्या टेकडीवरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

लुईसचा जन्म १ जुलै १९१५चा. गाव कुमामन, दक्षिण वेल्समधल्या ॲबरडेरजवळचं, कोळशाच्या खाणींवर जगणारं. वडील शिक्षक होते, आई धर्मोपदेशकाची मुलगी. मुलगा हुशार निघाला. ॲबरिस्टविथच्या विद्यापीठात त्याने इतिहासात पहिला वर्ग मिळवला, मँचेस्टरला मध्ययुगीन इतिहासावर काम केलं आणि परत येऊन शाळेत शिकवू लागला. युद्ध त्याला मान्य नव्हतं. कुणाला ठार मारायची त्याची तयारी नव्हती आणि घरी बसून राहणंही पटत नव्हतं. शेवटी १९४० साली तो इंजिनिअर दलात साधा शिपाई म्हणून भरती झाला. पुढे अधिकारी झाला, तो साउथ वेल्स बॉर्डरर्स या पलटणीत. जुलै १९४१मध्ये त्याने ग्वेनो एलिस या जर्मन शिकवणाऱ्या शिक्षिकेशी लग्न केलं. ‘रेडर्स डॉन’ हा पहिला कवितासंग्रह १९४२ साली आला आणि त्याच वर्षअखेर त्याची बोट मुंबईला लागली. संसार असा फारसा झालाच नाही. रजेचे तुकडे सोडले तर या जोडप्याचं बहुतेक सहजीवन कागदावरच झालं.

म्हणून या पत्रांकडे निव्वळ खुशालीची पत्रं म्हणून पाहता येत नाही. लुईसचं घर, त्याची वही आणि त्याचं वाचकमंडळ, सगळं या पत्रांतच होतं. नवी कविता झाली की ती ग्वेनोकडे जायची. ती टंकलिखित प्रती काढणार, जपणार, संपादकांकडे पाठवणार. रॉबर्ट ग्रेव्ह्‌जशीही त्याचा पत्रव्यवहार होता. ग्रेव्ह्‌ज पहिल्या महायुद्धात दुसऱ्या एका वेल्श पलटणीतून लढलेला. कवितेतला कुठला शब्द लंगडतोय हे तो इंग्लंडमधून कळवायचा आणि लुईस हिंदुस्थानात बसून दुरुस्त्या करायचा. दुसरा संग्रह असा टपालावर तयार झाला. इंग्लंड, सागरप्रवास आणि हिंदुस्थान असे त्याचे तीन भाग आहेत. तो छापून आला १९४५ साली, कवी गेल्यानंतर, ग्रेव्ह्‌जच्या प्रस्तावनेसह.

त्या काळच्या टपालाची रीतही ध्यानात घ्यायला हवी. बोटीने जाणाऱ्या पत्राला आठवडेच्या आठवडे लागत. १९४१पासून सैनिकांसाठी एअरग्राफ आला. ठरावीक फॉर्मवर लिहायचं, त्याचा छोट्या फिल्मवर फोटो निघायचा, विमानाने फक्त फिल्म जायची आणि पलीकडे तिच्यावरून कागदावर छापून पत्र घरी पोचायचं. जागा जेमतेम एका पानाची. वर सेन्सॉर. शिपायांची पत्रं त्यांचेच अधिकारी तपासत, म्हणजे लुईससारख्या अधिकाऱ्याला इतरांच्या बायकांना गेलेले शब्दही वाचावे लागत. दिवसभर दुसऱ्यांचे विरह वाचून रात्री स्वतःचा लिहायचा, ही शिक्षाच म्हणायची.

१९४३च्या सुरुवातीचा काळ आपल्यासाठी सगळ्यात लक्षवेधी आहे. फुटबॉल खेळताना लुईसचा जबडा मोडला. त्याला पुण्याच्या लष्करी इस्पितळात ठेवलं, तिथे अतिसारानेही गाठलं आणि मुक्काम लांबला. या एका आजारपणातून काय काय निघालं पाहा. घरी पत्रं गेली. ‘इन हॉस्पिटल : पूना’ या शीर्षकाच्या दोन कविता झाल्या. आणि वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाची वाट पाहत पडून असलेल्या अधिकाऱ्यांच्या वॉर्डावरची एक कथा झाली. माझ्या मते ती त्याची सर्वांत पक्की कथा. लेखकाच्या कागदांचा खरा उपयोग इथे होतो. तीच खाट, तोच ताप, पण बायकोला सांगताना त्याचं एक होतं, कवितेत दुसरं आणि कथेत तिसरं. यातलं खरं कुठलं, हा प्रश्न मला गैरलागू वाटतो. माणूस ज्याला लिहितो त्याच्याजोगा होऊन लिहितो.

त्याच सुमारास, त्याच पुण्यात, आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी नजरकैदेत होते. १० फेब्रुवारी १९४३ला त्यांनी एकवीस दिवसांचं उपोषण सुरू केलं आणि साऱ्या देशाचे डोळे या शहराकडे लागले. ‘छोडो भारत’ला जेमतेम सहा महिने झाले होते. अशा वेळी गोऱ्या लष्कराचा गणवेश घातलेला, मनाने डावीकडे झुकलेला, खाणकामगारांच्या खोऱ्यातून आलेला हा तरुण इथे काय पाहत होता? राज्यकर्त्यांच्या बाजूला उभं राहण्याची अस्वस्थता त्याच्या लेखनात जागोजाग आहे. ‘द ऑरेंज ग्रोव्ह’ या कथेत देशात अशांतता असताना एक अधिकारी ट्रकने निघतो, वाटेत त्याचा ड्रायव्हर मारला जातो आणि ते प्रेत घेऊन तो अनोळखी मुलखात भरकटत जातो. साम्राज्याच्या अखेरीवर याहून नेमकी गोष्ट लिहिणारे इंग्रजीत थोडेच असतील.

कवितांची नावं तर थेट आपल्या नकाशातली आहेत. एक ‘द मराठा घाट्स’, एक ‘करंजे व्हिलेज’. नीरेच्या पट्ट्यात, बारामती तालुक्यात, सोमेश्वराच्या देवळासाठी ओळखलं जाणारं करंजे आहे. ‘द पेझंट्स’ या कवितेत कष्टकरी बाया-माणसं आणि त्यांच्या जवळून जाणारे सैनिक समोरासमोर येतात, आणि त्यात तात्पुरते ठरतात ते सैनिक. उन्हाने भाजलेले डोंगर, कर्जात बुडालेला शेतकरी, मागून खाणारा माणूस हे सगळं तो पाहतो. दयेने पाहत नाही, हे महत्त्वाचं. खाणी बंद पडल्यावर बेकार झालेली माणसं त्याने घरच्या अंगणातून पाहिली होती, म्हणून इथल्या दारिद्र्याचं त्याला नवल वाटलं नसावं. धक्का बसला तो त्याच्या विस्ताराचा. पण एक कबूल करायला हवं. त्याला इथली भाषा येत नव्हती आणि छावणीतून गाव जेवढं दिसतं तेवढंच त्याने पाहिलं. ‘महाराष्ट्राचा कवी’ वगैरे बिरुदं त्याला चिकटवायची घाई आपण करू नये.

पलटण नंतर खडकवासल्याच्या तलावाकाठी सरावाला होती. १९४३च्या जुलैत तो रजेवर निलगिरीत, कुन्नूरला गेला आणि त्याच्या कागदांना एक नवी थैली जोडली गेली. तिथे त्याची फ्रेडा ॲक्रॉइड या विवाहित स्त्रीशी गाठ पडली. तिचे पती वॉलेस ॲक्रॉइड कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक होते. बंगालच्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या आयोगावर पुढे तेही होते. दोघं प्रेमात पडली. पुढचे काही महिने लुईस ग्वेनोलाही लिहीत राहिला आणि फ्रेडालाही.

आता या पत्रांच्या प्रकाशनाचा क्रम पाहा. ‘लेटर्स फ्रॉम इंडिया’ हे निवडक पत्रांचं पुस्तक कार्डिफला १९४६ साली निघालं. १९४८ साली ‘इन द ग्रीन ट्री’ आलं, त्यात पत्रं आणि कथा एकत्र होत्या. फ्रेडाचा मागमूस वाचकांना नव्हता. जॉन पिकुलिस यांचं चरित्र १९८४ साली आलं आणि हा धागा उजेडात आला. १९८९ साली खुद्द ग्वेनोने ‘लेटर्स टु माय वाइफ’ संपादित केलं. फ्रेडाला लिहिलेली पत्रं पुस्तकरूपाने यायला २००६ उजाडलं. म्हणजे एकाच माणसाची, एकाच वर्षातली पत्रं वाचकांसमोर पुरती यायला साठ वर्षं लागली. दरम्यान ज्यांनी फक्त पहिलं पुस्तक वाचलं त्यांचा लुईस एक होता, नंतरच्यांचा दुसरा.

यात कुणी लबाडी केली असं मला वाटत नाही. नवरा गेल्यावर दोन वर्षांत त्याची पत्रं छापताना बायकोने काय गाळावं, हे बाहेरच्याने सांगू नये. पण वाचकाने मात्र जाणून असावं की जपलेला कागद आणि दाखवलेला कागद यांत अंतर असतं. ग्वेनोने दाखवलं हळूहळू, जपलं मात्र भरपूर. ‘मोर्लाइस’ ही खाणकामगाराच्या मुलावरची कादंबरी लुईसने युद्धाआधी लिहिली होती. ती अप्रकाशितच राहिली आणि २०१५ साली, त्याच्या जन्मशताब्दीला, छापली गेली. हस्तलिखित फेकलं गेलं असतं तर अशी कादंबरी होती हेही कळलं नसतं.

शेवटाबद्दल थोडक्यात. कराचीच्या प्रशिक्षणानंतर तिथेच शिकवायची नेमणूक त्याला मिळत होती, बढतीसह. ती नाकारून तो पलटणीबरोबर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, आराकानला गेला. ५ मार्च १९४४च्या पहाटे गोप्पे खिंडीजवळ स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरच्या गोळीने तो जखमी झाला आणि काही तासांत गेला. वय अठ्ठावीस. लष्करी चौकशीने अपघात म्हटलं. पुष्कळ अभ्यासक आत्महत्या मानतात. ग्वेनो अपघातच मानत राहिली. शेवटच्या काळातली त्याची पत्रं दोन्ही बाजूंनी पुरावा म्हणून वाचली गेली आहेत, आणि मला हे वाचन क्रूर वाटतं. थकलेल्या माणसाने घरी लिहिलेली पानं म्हणजे जबानी नव्हे. रंगूनजवळच्या तौक्यान युद्धस्मशानात त्याची कबर आहे.

हे सगळं वाचताना आपल्या बाजूचा कागद आठवतो आणि मन खट्टू होतं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉर कचेरीत उघडली जात, इंग्रजीत भाषांतर करून त्यांतले उतारे अहवालात घेतले जात. त्यांत मराठी पत्रंही होती. ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ साली त्यांतून एक मोठी निवड छापली. म्हणजे फ्रान्समधून एखाद्या मराठी शिपायाने घरी काय कळवलं, हे आज आपल्याला कळतं ते साहेबाला महत्त्वाच्या वाटलेल्या चार ओळींतून, आणि तेही इंग्रजीत. मूळ पत्रं घरी पोचली असतील, कुणी ती शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतली असतील, आणि नंतर त्यांचं काय झालं हे सांगायला माणसं उरली नाहीत.

दुसऱ्या महायुद्धातली पत्रं मात्र अजून घरोघर असू शकतात. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीच्या कितीतरी घरांतले आजोबा-पणजोबा आफ्रिकेत, इटलीत, ब्रह्मदेशात लढले. माळ्यावरच्या ट्रंकेत असा गठ्ठा सापडला तर त्याला लॅमिनेशन करू नका, तिकिटासाठी पाकीट फाडू नका, आणि ‘घरगुती’ म्हणून कुठलं पत्र वेगळं काढून टाकू नका. ज्या क्रमाने ठेवलंय त्याच क्रमाने प्रत्येक पानाचे, मागच्या बाजूसकट, फोटो काढा. पत्रात आलेल्या ‘तात्या’, ‘धाकली वहिनी’, ‘वरच्या आळीतले’ ही माणसं कोण, हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून आजच लिहून ठेवा. मोडीत असेल तर वाचणारे अजून मिळतात, त्यांना गाठा.