मालट्रकचा विमा : गाडीतल्या माणसाचे काय?

घोडेगाव, राहुरीच्या बाजारातून कांदा भरून परराज्यात जाणाऱ्या, सुपे व नागापूरच्या औद्योगिक वसाहतींचा माल वाहणाऱ्या आणि कारखान्यांची साखर उचलणाऱ्या गाड्यांवर आपल्या जिल्ह्यातील अनेक समाजबांधवांची चूल पेटते. कोणी ड्रायव्हर, कोणी क्लिनर, कोणी हमाल. कर्ज काढून स्वतःची गाडी घेतलेले तरुणही आता दिसू लागले आहेत. गाडीचा विमा आहे का, असे विचारले की उत्तर ठरलेले असते, ‘फुल इन्शुरन्स आहे.’ हा ‘फुल’ शब्द मोठा फसवा आहे. त्याच्या आत कोण येतो व बाहेर कोण राहतो, हे आम्ही येथे सांगू इच्छितो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. पहिला पक्ष मालक, दुसरा विमा कंपनी, आणि रस्त्यावरचा पादचारी, सायकलस्वार किंवा समोरच्या गाडीतील माणूस हा तिसरा. आपल्या गाडीने त्याला इजा झाली तर भरपाई कंपनी देते. स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून हवे असेल तर त्याचा हप्ता वेगळा. हे दोन्ही एकत्र घेतले की लोक त्याला ‘फुल’ म्हणतात. तरीही मालट्रकच्या बाबतीत हेडलाइट, बंपर, मडगार्ड, रंग यांचे नुकसान जादा हप्ता भरल्याशिवाय सहसा मिळत नाही. आणि गाडीतला माल तर यात मुळीच नाही. करंजी घाटात गाडी उलटून कांदा मातीत गेला तर त्यासाठी मालाचा स्वतंत्र विमा लागतो.

आता केबिनमधल्या माणसांकडे वळू. पगारी ड्रायव्हर किंवा क्लिनर कामावर असताना दगावला तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. पूर्वी ही तरतूद १९२३ च्या कायद्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आली आहे. मृत्यूच्या बाबतीत मासिक पगाराच्या निम्म्या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात. ड्रायव्हरचे वय ३० आणि पगार १५,००० रुपये धरला तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये होतात. ही जबाबदारी विमा कंपनीने उचलावी म्हणून माणसामागे नाममात्र हप्ता असतो. पॉलिसीत ड्रायव्हर-क्लिनरची संख्या किती लिहिली आहे, ते मालकाने व नोकरानेही पाहावे.

अडचण येते ती पुराव्याची. पगार रोख, भत्ता हातावर, कागद कुठेच नाही. अपघातानंतर हा आमच्या विमेदाराचा नोकर नव्हताच, असे कंपनीचा वकील म्हणतो, आणि विधवेला ते सिद्ध करीत बसावे लागते. पगार बँकेत जमा करून घेणे किंवा साध्या वहीवर मालकाची सही घेणे एवढ्यानेही पुढे फार फरक पडतो.

मालक स्वतः गाडी चालवीत असेल तर तो तिसरा पक्षही नाही आणि नोकरही नाही. त्याच्यासाठी १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा आहे. पण तो ज्याच्या नावावर गाडी आहे त्यालाच लागू होतो. आपल्याकडे गाडी वडिलांच्या नावावर असते आणि चालवतो मुलगा. मुलाच्या चुकीने अपघात होऊन तोच गेला तर वडिलांच्या नावाचा तो विमा उपयोगी पडत नाही. अशा घरांनी मुलाचा अपघात विमा वेगळा उतरवावा. निदान वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तरी घ्यावी. तीत अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये आहेत. रक्कम तुटपुंजी आहे, पण काहीच नसण्यापेक्षा बरी.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. १ जानेवारीला भीमा कोरेगावला, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला किंवा लग्नाच्या वऱ्हाडाला मालट्रकमधून जाणे धोक्याचे आहे. मालवाहू गाडीतील अशा प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी प्रकरणात सांगितले. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी एवढ्यांनाच कायद्याचे संरक्षण आहे. पोत्यांवर बसलेल्या इतरांची भरपाई गाडीमालकाच्या घरादारातून वसूल होते, आणि त्याच्याकडे काही नसेल तर कोणालाच काही मिळत नाही.

लायसनबद्दलही गैरसमज आहेत. नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोपेक्षा कमी वजनाची व्यावसायिक गाडी चालविता येते. दहा किंवा बारा चाकी ट्रक नव्हे. लायसन योग्य नसेल तर कंपनी जखमीला पैसे देते आणि नंतर मालकाकडून वसूल करते.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला पगाराच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मागणी केली होती. आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण १९५६ मध्ये, सर्वसाधारण विम्याचे १९७३ मध्ये झाले. २००० पासून खाजगी कंपन्या पुन्हा आल्या. सक्ती मात्र गाडीच्या विम्याची राहिली, माणसाच्या विम्याची झाली नाही.

पॉलिसीची एक प्रत घरी ठेवावी, कारण गाडीतली प्रत गाडीबरोबरच जळते किंवा हरवते. अपघात झाल्यास पोलिसांची फिर्याद व पंचनामा यांच्या नकला ताबडतोब घ्याव्यात. मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्यास १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. नोकर म्हणून भरपाई मागायची की न्यायाधिकरणाकडे जायचे, यांपैकी एकच मार्ग निवडता येतो. तो निवडण्यापूर्वी वकिलाला किंवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाला विचारावे. तेथे स्त्रिया, अनुसूचित जाती व कामगार यांना मोफत वकील मिळतो.