रझाकारी दहशतीनंतरचे मतदान

रझाकार म्हणजे हैदराबाद संस्थानात निजामाच्या बाजूने लढणारे सशस्त्र स्वयंसेवक. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील. त्याच्या टोळ्यांनी १९४७-४८ मध्ये मराठवाड्यातली गावे लुटली, जाळली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या लष्करी कारवाईने हैदराबाद संस्थान भारतात आले. मग सूड सुरू झाला आणि त्यात निरपराध मुस्लिम कुटुंबे भरडली गेली. सरकारनेच नेमलेल्या पंडित सुंदरलाल समितीने राज्यभरात २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज केला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड होता आणि उस्मानाबादही. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. हा अहवाल अनेक दशके दडवून ठेवला गेला, हे मोठेच अन्यायाचे.

कारवाईनंतर राज्याचा कारभार आधी लष्करी गव्हर्नर म्हणून जनरल चौधरींकडे, २६ जानेवारी १९५० पासून मुलकी मुख्यमंत्री वेल्लोडींकडे. दोघेही दिल्लीने नेमलेले. दरम्यान १९४९ मध्ये जहागिऱ्या खालसा झाल्या. १९५० मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. १९५२ च्या निवडणुकीत प्रत्येक प्रौढाला, स्त्रियांनाही, मत मिळाले. १७५ जणांची विधानसभा निवडून आली आणि बी. रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले.