पान लागलं तर…

सोयाबीनची रास घरात आलेली, तूर फुलोऱ्यात, ऊसतोडीच्या टोळ्या फडात उतरायच्या बेतात. बिदर जिल्ह्यातल्या औराद, भालकी, बसवकल्याणच्या शिवारात आणि कलबुर्गीच्या आळंद तालुक्यात दिवाळी येते ती अशी. पावसाळ्यात सुरू झालेली सापांची धास्ती तेव्हाही पुरती सरलेली नसते. रात्रीची वीज आली म्हणून बॅटरी न घेताच मोटार चालू करायला निघालेल्या माणसाची बांधावर घोणशीशी गाठ पडते. मण्यार तर रात्री घरातच शिरते.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक मृत्यू खेड्यांत आणि घरीच झालेले. दवाखान्याच्या दारापर्यंत ही माणसं पोचलीच नाहीत. दंश आणि दवाखाना यांच्यामधल्या त्या वेळात जवळ असतं कोण? डॉक्टर नसतो, परिचारिका नसते. घरात असतं ते आठवी-नववीतलं पोर. प्रथमोपचार त्याला शिकवायला हवेत आणि तेही धड्याखालची प्रश्नोत्तरं पाठ करून घेऊन नव्हे, हे माझं ठाम मत आहे.

त्यासाठी एक चांगली वाट आधीच मळलेली आहे. १९९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेने १० ते १७ वर्षांच्या मुलांना आपल्या गावचा प्रश्न निवडायला, मार्गदर्शक शिक्षकाच्या देखरेखीखाली त्याची पाहणी करायला आणि आपल्या भाषेत अहवाल लिहायला शिकवलं. कर्नाटकात हे काम राज्य विज्ञान परिषदेने पाहिलं. सीमाभागातल्या मराठी शाळेने प्रथमोपचार याच पद्धतीने हाती घ्यावेत आणि सुरुवात सर्पदंशापासून करावी. गुरुजींना सगळं ठाऊक असायची गरज नाही. मुलांना प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावं, परिचारिकेसमोर बसवावं, आशाताईंबरोबर वस्तीवर पाठवावं आणि वहीत लिहिलेलं पुन्हा पुन्हा तपासायला लावावं, एवढं त्यांनी केलं तरी पुष्कळ.

पहिला प्रश्न घरातल्या म्हाताऱ्यांना विचारायचा. आजी, पूर्वी कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, तर काय करायचे? मग दंशाच्या वर करकचून दोरी बांधणं निघेल, ब्लेडने चीर देणं निघेल, मारुतीच्या देवळात नेऊन निजवणं निघेल. कडुलिंबाचा पाला चावायला देऊन तो कडू लागतो का हे विचारणंही निघेल. मुलांनी हे सगळं आदराने उतरवून घ्यावं. ज्यांनी ते केलं, त्यांच्या हाताशी दुसरं काहीच नव्हतं. त्यानंतर एकेक गोष्ट आरोग्य केंद्रात तपासून घ्यावी. घट्ट दोरीने रक्त अडतं, घोणशीच्या विषाने आधीच सुजलेला पाय सडू शकतो आणि दोरी सोडताच साठलेलं विष एकदम अंगात पसरतं. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर रक्त गोठायचं थांबतं, म्हणून ब्लेडची चीर वाहतच राहते. लिंबाच्या पाल्यात तर सगळ्यात मौल्यवान गोष्ट जाते, ती म्हणजे वेळ.

मग करायचं काय? आधी धीर द्यायचा आणि तो खरा आहे, हे मुलांना सांगायचं. देशात चावणाऱ्या सापांपैकी सुमारे ७० टक्के बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी निम्म्या वेळा अंगात विष भिनत नाही. पण हे घरी बसून ठरवता येत नाही, म्हणून दवाखाना चुकवायचा नाही. अंगठी, जोडवी, कडं, पैंजण सूज यायच्या आधी काढायचं. हात किंवा पाय, मोडलेल्या हाडाला आधार देतात तसा, काठी आणि उपरण्याने सैलसर बांधून स्थिर ठेवायचा. याचा सराव वर्गात करता येतो. पट्टीखाली बोट सहज सरकलं पाहिजे, ही खूण मुलांच्या हाताला बसते. रुग्णाला चालवायचं नाही. १०८ ला फोन लावायचा. गाडीला उशीर असेल तर मोटरसायकलवर चालवणारा आणि मागे धरून बसणारा यांच्या मध्ये त्याला बसवून निघायचं. साप मारायला किंवा पकडायला कुणी थांबायचं नाही.

मण्यारीचा धडा वेगळा शिकवावा लागतो. ती जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते. दात बारीक, वेदना जवळजवळ नाहीच, खूणही दिसेलच असं नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, पुढे श्वास मंदावतो. घरचे म्हणतात, काल काहीतरी वाईट खाल्लं असेल. जमिनीवर निजलेल्या माणसाचं पहाटे पोट दुखतंय आणि पापण्या मिटताहेत, एवढं दिसताच ज्या मुलीला मण्यारीची शंका येईल, ती एक जीव वाचवू शकेल. श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहावं लागतं. त्याचा सराव शिकवणाऱ्यासमोर, पुतळ्यावरच व्हावा. असा रुग्ण मेल्यासारखा निपचित दिसतो, तरी कृत्रिम श्वास आणि औषध मिळालं तर उठून बसतो. आणि हा दंश टाळायचा साधा उपाय म्हणजे गादीखाली चारी बाजूंनी नीट खोचलेली मच्छरदाणी.

शेवटचं काम डॉक्टरांना सांगणं. साप कधी चावला, त्यानंतर काय काय झालं, पापण्या कधी जड झाल्या, कुठली झाडपाल्याची औषधं दिली. सीमाभागात या कामाला आणखी एक बाजू आहे. घरात मराठी बोलणारी आजी बिदरच्या किंवा कलबुर्गीच्या सरकारी रुग्णालयात कन्नड बोलणाऱ्या परिचारिकेसमोर गोंधळते. मराठी शाळेतला मुलगा कन्नडही शिकलेला असतो. घड्याळातल्या वेळांसकट चार ओळी त्याने कन्नडमध्ये नीट सांगितल्या तर पुढचा उपचार लवकर सुरू होतो. ही चार वाक्यं प्रकल्पात पाठ करून घ्यावीत. भाषेवरून इथं बरंच राजकारण झालंय; दोन्ही भाषा येणाऱ्या पोरांचं मोल मात्र अशा रात्री कळतं.

रुग्णालयात काय होतं तेही मुलांनी समजून घ्यावं. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. नळी तिरकी केली आणि रक्त पातळच राहिलं तर विषाने गोठण्याची क्रिया बिघडवली आहे. नळी काचेचीच लागते, कारण काचेच्या स्पर्शाने गोठणं सुरू होतं. प्लास्टिकमध्ये तसं होत नाही. आपल्याकडची प्रतिविषं नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषांवर चालतात. लहान मुलालाही मोठ्याइतकाच डोस लागतो, कारण साप विष सोडताना वय बघत नाही.

पाहणी आणि नोंदींतून काय घडू शकतं, याचं उदाहरण मराठी मुलुखातच आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे रुग्ण रात्र रात्र जागून पाहत, लक्षणं टिपत राहिले. १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला. प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरून त्यांनी कोकणातले मृत्यू झपाट्याने खाली आणले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या दवाखान्यातली वही जगभर पोचते, हे मुलांना या एका माणसामुळे सांगता येतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने सर्पदंशाची नोंद सक्तीची केली. सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांना प्रत्येक दंश आणि मृत्यू कळवावा लागतो. केंद्राच्या त्याच वर्षीच्या कृती आराखड्याने २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचं ठरवलं आहे. पण जो दवाखान्यात गेलाच नाही, तो या नोंदीत येत नाही. तो शाळेच्या वहीत येऊ शकतो. वाडी-वस्तीवर फिरून, नावं वगळून, वय, महिना, वेळ, जागा आणि पहिल्या तासात काय केलं, एवढे रकाने मुलांनी भरले तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांसमोर ठेवता येईल असा कागद तयार होईल. कुठल्या वस्तीपासून प्रतिविष असलेलं केंद्र किती लांब आहे, तेही त्यात लिहावं. पावसाळ्याआधी हा कागद पोचला तर साठा कुठे कमी पडतोय, हे वेळेत विचारता येईल.