नखांवरचा रंग आणि लेबलावरचा शब्द

सौंदर्यप्रसाधनांची चर्चा निघाली की ती एक तर थट्टेवारी नेली जाते, नाही तर नीतीच्या उपदेशात बुडून जाते. बायकांचा नखरा म्हणून एकाने हसावे आणि पाश्चात्त्यांचे अनुकरण म्हणून दुसऱ्याने नाक मुरडावे, यापलीकडे हा विषय सहसा जात नाही. परिणामी या बाटल्यांत असते तरी काय आणि ते तपासण्याची जबाबदारी कोणाची, हा खरा प्रश्न विचारायचाच राहून जातो. नेलपॉलिशची इवलीशी बाटली या दृष्टीने मोठी बोलकी आहे.

नखे रंगविण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. मेंदीने बोटांची टोके रंगविण्याची चाल फार जुनी आहे. परंतु मेंदीचा रंग नखात मुरतो. नेलपॉलिश हा नखावर चढविलेला लेप असतो, आणि त्याचे कूळ सरळ कारखान्यात जाऊन पोहोचते. १९२०च्या दशकात मोटारींना चकचकीत रंग देण्यासाठी नायट्रोसेल्युलोजचे रोगण वापरात आले. त्याच जातीचे रोगण पुढे नखांवर आले. धूरविरहित बंदुकीच्या दारूतही हाच पदार्थ असतो. १९३२ साली अमेरिकेत रेव्हलॉन कंपनी निघाली ती मुख्यतः नखांच्या रंगावरच. भारतात १९५२ साली टाटांच्या उद्योगसमूहाने लॅक्मे सुरू केली आणि देशी प्रसाधनांचे युग अवतरले. आज मुंबईच्या लोकल गाडीत महिलांच्या डब्यातील फेरीवालीकडेही दहा रंगांच्या बाटल्या मिळतात.

नायट्रोसेल्युलोज पातळ राहावे म्हणून त्यात इथिल ॲसिटेट, ब्युटिल ॲसिटेट यांसारखी विद्रावके घालतात. रंग लावल्यावर ती उडून जातात. बाटली उघडताच जो उग्र दर्प येतो तो त्यांचाच. सुकलेला थर ठिसूळ होऊन तडकू नये यासाठी आणखी एक द्रव्य लागते आणि तो नखाला घट्ट चिकटावा यासाठी राळ लागते. या कामांसाठी वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या तीन द्रव्यांवर शास्त्रज्ञांचा मुख्य आक्षेप आहे. टोल्युइन हे विद्रावक श्वासावाटे शरीरात जाते. त्याने डोके दुखते, घेरी येते, आणि दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात हुंगले गेल्यास मज्जासंस्थेला अपाय होतो. फॉर्माल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत गणले. त्यापासून बनविलेल्या राळेची ॲलर्जी पुष्कळदा बोटांवर न दिसता पापण्यांवर आणि मानेवर उमटते, कारण रंगविलेली बोटे दिवसातून अनेकदा तेथे लागतात. तिसरे डायब्युटिल थॅलेट. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने नर संततीच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष निर्माण केल्याचे आढळले.

युरोपीय संघाने २००४ साली प्रसाधनांत डायब्युटिल थॅलेट वापरण्यास बंदी घातली. त्यानंतर अमेरिकेतील मोठ्या उत्पादकांनीही आपली कृती बदलली आणि बाजारात एक नवा शब्द आला: ‘मुक्त’. बाटली प्रथम तीन द्रव्यांपासून मुक्त झाली, मग पाच, मग दहा. आकडा वाढत गेला, तसा ग्राहकाचा विश्वासही वाढला. हा विश्वास कितपत सार्थ होता?

याचे उत्तर कॅलिफोर्नियाच्या विषारी द्रव्य नियंत्रण विभागाने २०१२ साली दिले. त्या विभागाने नखांसाठीची २५ उत्पादने विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासली. टोल्युइनमुक्त म्हणविणाऱ्या १२ उत्पादनांपैकी १० मध्ये टोल्युइन निघाले. तिन्ही द्रव्यांपासून मुक्त असल्याचे सांगणाऱ्या सातांपैकी पाच उत्पादनांत त्यांपैकी एक वा अधिक द्रव्ये लक्षणीय प्रमाणात आढळली. जेथे ग्राहक जागरूक आहे आणि कायदा कडक समजला जातो, तेथली ही कथा आहे.

शिवाय लेबल खरे असले तरी एक पेच उरतोच. एक द्रव्य काढले की त्याचे काम करणारे दुसरे घालावे लागते. अनेक उत्पादकांनी डायब्युटिल थॅलेटच्या जागी ट्रायफिनाइल फॉस्फेट योजले. हे द्रव्य प्लॅस्टिक आणि फोम लवकर पेटू नये यासाठीही वापरतात, आणि ते अंतःस्रावी ग्रंथींच्या कार्यात ढवळाढवळ करीत असावे असा संशय आहे. २०१५ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याचा माग घेतला. तपासलेल्या १० नेलपॉलिशांपैकी आठांत ते होते, आणि त्यांतील दोघांच्या लेबलावर त्याचा उल्लेखही नव्हता. प्रयोगात भाग घेतलेल्या २६ स्त्रियांच्या शरीरात, रंग लावल्यानंतर दहा ते चौदा तासांनी, या द्रव्याचा अंश जवळजवळ सातपट झालेला दिसला. एक शत्रू दाराबाहेर घालवून दुसऱ्याला पाटावर बसविण्याचाच हा प्रकार म्हणावा लागेल.

जेल पॉलिशची कथा याहून वेगळी नाही. अतिनील दिव्याखाली क्षणात घट्ट होणारा हा लेप आठवडे टिकतो, म्हणून तो लोकप्रिय झाला. परंतु त्यातील ॲक्रिलेट द्रव्ये न सुकलेल्या अवस्थेत कातडीला लागली तर कायमची ॲलर्जी जडू शकते. त्याच जातीची द्रव्ये दातांच्या भरणात आणि सांधेरोपणाच्या सिमेंटमध्ये वापरली जात असल्याने, नखांच्या हौसेची किंमत पुढे भलत्याच ठिकाणी मोजावी लागण्याचा संभव असतो. जेल घट्ट करणाऱ्या टीपीओ या एका द्रव्यावर तर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली आहे.

येथे तारतम्य सोडून चालणार नाही. सणासमारंभाला नखे रंगविणाऱ्या गृहिणीने घाबरून जावे असे यात काही नाही. विषाचा प्रभाव मात्रेवर अवलंबून असतो, आणि तिच्या वाट्याला येणारी मात्रा अल्प असते. मोठी मात्रा येते ती रंग लावणारणीच्या वाट्याला. ग्राहक स्त्री अर्ध्या तासाने उठून जाते; ब्यूटी पार्लरमधील मुलगी मात्र बंद, वातानुकूलित खोलीत दिवसभर त्याच वासात वाकून बसलेली असते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात सहा नेल सलूनांतील हवा तपासली गेली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तेथील कामगारांना असलेल्या धोक्याची तुलना तेलशुद्धीकरण कारखाना आणि मोटारदुरुस्तीचे गॅरेज यांच्याशी करण्यात आली. गॅरेजमधल्या कामगाराकडे आपण निदान कामगार म्हणून पाहतो. पार्लरमधल्या मुलीला मात्र ‘ताई, जरा लवकर आटपा’ यापलीकडे कोणी काही विचारत नाही.

सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१० साली या प्रश्नाला सरळ हात घातला. जी सलून्स कमी घातक रंग वापरतील, हवा खेळती ठेवतील आणि कामगारांना प्रशिक्षण देतील, त्यांना नगरपालिकेने प्रमाणित करावे, असा ठराव तेथे झाला. आपल्याकडे कायद्याची उणीव आहे असे नाही. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे, २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत, आणि प्रसाधनांत कोणती द्रव्ये वापरू नयेत याची यादी भारतीय मानक ब्युरोने केलेली आहे. घटकद्रव्ये लेबलावर छापण्याचे बंधन उत्पादकावर आहे. परंतु लेबल वाचणारा ग्राहक आणि लेबल तपासणारी प्रयोगशाळा यांची जोड असल्याशिवाय नियम कागदावरच राहतो. ज्या बाटलीवर उत्पादकाचे नावच नाही, तिच्यापुढे तर कायदाही हतबल होतो. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने बाजारातून बाटल्या विकत घ्याव्यात, तपासाव्यात आणि निष्कर्ष नावानिशी जाहीर करावेत. पार्लरला परवानगी देताना खिडकी आणि हवा बाहेर टाकणारा पंखा यांची अट घालणेही नगरपालिकांना अवघड नसावे.

तोवर ग्राहकाने काय करावे? उत्पादकाचे नाव, पत्ता आणि घटकद्रव्यांची यादी नसलेली बाटली स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. पुढच्या बाजूला ठळक छापलेल्या ‘मुक्त’पेक्षा मागच्या बाजूची बारीक यादी वाचावी. पाण्यात मिसळलेले रंगही आता मिळतात. ते टिकायला कमी, पण त्यांचा दर्पही कमी असतो. रंग लावताना आणि काढताना खिडकी उघडी असावी आणि जवळ पेटता गॅस नसावा, कारण नेलपॉलिश आणि ॲसिटोन दोन्ही झटकन पेट घेतात. जेलचा प्रयोग घरी करू नये. लहान मुली अंगठा चोखतात आणि आपण सारे हाताने जेवतो, हे ध्यानात घेता त्यांच्या नखांना रंग न लावणेच शहाणपणाचे. मेंदीकडे परतणाऱ्यांनीही ‘काळी मेंदी’ या नावाखाली केसांच्या कलपातले तीव्र रसायन मिसळलेले नाही ना, हे पाहावे. नैसर्गिक हाही बाजाराने पळविलेला एक शब्दच आहे.

मात्र ही सारी सावधगिरी ग्राहकाच्या शिरावर टाकून भागणार नाही. शिकलेली, वेळ असलेली, चार पैसे जास्त मोजू शकणारी स्त्री चांगली बाटली निवडील. लोकलमध्ये वीस रुपयांची बाटली घेणाऱ्या मुलीला आणि ती बाटली दिवसभर हुंगणाऱ्या कामगार स्त्रीला निवडीला वावच नसतो. लेबलावरचा शब्द खरा की खोटा, हे ठरविण्याचे काम त्यांच्या नाकावर सोपवून शासनाला मोकळे होता येणार नाही.